गायकाचा गळा आणि श्रोत्यांचा लोभ

तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर मिरजेचा कारागीर दुसरा बसवून देतो. तार तुटली तर नवी चढवितां येते. गवयाच्या वाद्याची गोष्ट तशी नाहीं. तें त्याच्या देहांतच घडलेलें असतें. त्याच्याबरोबर तें वाढतें, आजारी पडतें आणि थकतें. शिवाय दुसऱ्याचें तर राहोच, पण त्याचें त्यालाहि तें दिसत नाहीं. म्हणूनच कीं काय, चांगल्या आवाजास ‘देणगी’ म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली. आणि तो बिघडला म्हणजे दैवाकडे, दृष्टीकडे किंवा कोणा मत्सरी प्रतिस्पर्ध्यानें चारलेल्या शेंदुराकडे बोट दाखविण्याचीहि. गायनाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. आवाज पुष्कळदां अतिश्रमानें जातो. अतिश्रमाच्या मुळाशीं लोभ असतो. आणि तो लोभ नेहमीं गायकाचाच असतो असें नाहीं.

गळ्याचा विचार आपल्याकडे नवा नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. ग्रंथ संगीताचा, पण त्याच्या पहिल्याच अध्यायांत पिंडाची, म्हणजे मनुष्यदेहाची, उत्पत्ति व रचना सांगितली आहे. पुढें प्रकीर्णकाध्यायांत आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे चार भेद करून त्यांची सांगड कफ, पित्त, वात आणि त्यांचें मिश्रण यांच्याशीं घातली आहे. ही उपपत्ति आजच्या शरीरशास्त्रास पटणारी नाहीं. परंतु त्याच अध्यायांत गायकाचे जे पंचवीस दोष दिले आहेत, ते वाचतांना ग्रंथकाराच्या निरीक्षणाचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. दांत आवळून गाणारा तो संदष्ट. नीरस ओरडा करणारा तो उद्घुष्ट. कावळ्यासारख्या कर्कश स्वराचा तो काकी. आणि गातांना ज्याच्या कपाळाच्या, तोंडाच्या व मानेच्या शिरा फुगून येतात तो झोंबक. गळ्यावर अकारण ताण पडत आहे हें ओळखण्यास या शेवटच्या लक्षणाहून सोपी खूण आजहि सांपडणार नाहीं. शार्ङ्गदेवानें हे दोष रसिकाच्या दृष्टीनें मांडले. पण जें कानाला आणि डोळ्याला खटकतें तेंच बहुधा गळ्यालाहि जाचत असतें.

प्रत्यक्ष गातें स्वरयंत्र आरशांत पाहून त्याचें पद्धतशीर वर्णन करण्याचा मान मात्र युरोपांतील एका गायनशिक्षकाकडे जातो. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गवयाचा मुलगा. १८२५ सालीं बापाच्या ऑपेरा मंडळीबरोबर तो न्यूयॉर्कला गेला. कोवळ्या वयांत गळ्यावर पडलेला भार त्यास मानवला नाहीं. लौकरच त्यानें रंगभूमि सोडली व तो शिकवूं लागला. आवाज कां बिघडतो हा प्रश्न त्याला पुस्तकांतून सुचला नव्हता, तो त्यानें स्वतः भोगला होता. १८५४ सालीं पॅरिसमध्यें दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहानसा आरसा त्यानें घशांत धरला, हातांतल्या दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःचे स्वरतंतु उघडतां-मिटतांना पाहिले. पुढल्या वर्षीं हीं निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचण्यांत आलीं. गवयाच्या जिज्ञासेंतून निघालेलें हें साधन पुढें वैद्यांनीं उचललें. १९०५ सालीं गार्सियाची शंभरी साजरी झाली तेव्हां त्याला मान देण्यास गायकांबरोबर कंठवैद्यहि जमले होते.

त्या आरशांत जें दिसूं लागलें त्याचा अर्थ गायकानें समजून घ्यावा असा आहे. काळी एकच्या षड्जांत गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतु त्या षड्जावर सेकंदास सुमारें १३९ वेळां, आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट, एकमेकांस भिडतात. सरासरी २०० चा हिशेब धरला तरी तासभराच्या अखंड गाण्यांत ही संख्या सात लाखांवर जाते. बोटभरहि लांबी नसलेल्या या नाजूक पट्ट्या जोरानें आणि सतत आपटत राहिल्या, तर जेथें आघात सर्वांत मोठा तेथें प्रथम सूज येते व पुढें घट्टे पडतात. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनीं घशास बरें वाटतें हें खरें. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेंत जातो, स्वरतंतूंवरून जात नाहीं. त्यांना ओलावा मिळतो तो पुरेसें पाणी पिऊन साऱ्या देहांत ओलावा राहिल्यानें, किंवा श्वासावाटे गेलेल्या वाफेनें. थकलेल्या गळ्याचें खरें औषध एकच, आणि तेंच घेणें सर्वांत अवघड: गप्प बसणें.

ही गोष्ट गार्सियास आरशाच्या आधींच उमगली होती. १८४१ सालीं स्वीडनची जेनी लिंड त्याच्याकडे आली. लहानपणापासून ती स्टॉकहोमच्या रंगभूमीवर वावरलेली. ऐन विशींत कीर्ति मिळाली होती आणि त्याच कीर्तीनें आवाज झिजला होता. गार्सियानें तिला शिकविण्यास लगेच सुरुवात केली नाहीं. सहा आठवडे गाणें पूर्ण बंद, आणि बोलणेंहि शक्य तितकें कमी, अशी त्याची आज्ञा होती. त्यानंतर श्वास आणि स्वर यांचे धडे पहिल्यापासून सुरू झाले. पुढें साऱ्या युरोपानें जिला डोक्यावर घेतलें ती जेनी लिंड या मौनांतून निघालेली आहे. तिच्या शहाणपणाची दुसरी खूण अशी कीं, १८४९ सालीं, लोक आणखी मागत असतांनाच, तिनें ऑपेरा सोडला. मैफली तिनें पुढेंहि केल्या. पण रंगभूमीचा रोजचा झगडा तिनें पुन्हां पत्करला नाहीं.

तो झगडा महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. १८८० सालीं ‘शाकुंतल’ आणि १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आल्यापासून आपल्या नटास गवईहि व्हावें लागलें. ध्वनिवर्धक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पद पोंचवायचें तें गळ्याच्या बळावर. त्यांत प्रेक्षकांचा ‘वन्समोअर’! आवडलेलें पद दोनदां, तीनदां ऐकल्याशिवाय नाटक पुढें सरकूं न देणें हें रसिकतेचें लक्षण मानलें गेलें. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांची स्थिति याहून बिकट. वयांत येतांना स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें आणि आवाज फुटतो; तो काळ गळ्यास जपण्याचा असतो, पण मंडळीस पात्र हवें असे. भास्करबुवा बखले लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत होते. आवाज फुटला आणि तीं कामें सुटलीं. फैजमहंमद खां, नत्थन खां, अल्लादिया खां अशा गुरूंच्या पायांशीं बसून त्यांनीं पुढें नवा गळा घडविला, म्हणून महाराष्ट्रास भास्करबुवा मिळाले. ज्यांना असे गुरु व इतकें धैर्य लाभलें नाहीं, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, इतकेंच.

त्याच अल्लादिया खांसाहेबांचें (१८५५–१९४६) उदाहरण तर फारच बोलकें आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास येण्यापूर्वीं ते आमलेटा संस्थानांत होते. तेथें धन्याच्या हौशीखातर त्यांस इतकें गावें लागलें कीं आवाज बसला. पुष्कळ काळानंतर तो परतला, पण पूर्वींचें मार्दव घेऊन परतला नाहीं. दुसरा कोणी असता तर गेलेल्या आवाजाची नक्कल करीत उरलेलाहि घालवून बसला असता. खांसाहेबांनीं हातीं राहिलेल्या गळ्यास काय साधेल याचा विचार केला, आणि आकारांतली, लयीच्या पेचांनीं गुंफलेली, वक्र तानांची एक गायकी उभी केली. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या द्वारां ती महाराष्ट्राच्या आणि गोमंतकाच्या कानांत मुरली. आपण त्या गायकीचा अभिमान बाळगतों. तिच्या जन्माशीं श्रोत्याच्या अतिरेकी हौसेनें मोडलेला एक गळा आहे, हें मात्र सोईस्करपणें विसरतों.

कुमार गंधर्वांवरचें संकट श्रोत्यांनीं आणलेलें नव्हतें. १९४७ च्या सुमारास त्यांस क्षय झाला आणि देवास येथें वर्षानुवर्षें गाणें बंद ठेवावें लागलें. १९५३ सालीं ते पुन्हां मैफलींत बसले. तोंवरच्या मौनांत माळव्याचीं लोकगीतें त्यांच्या कानांवर पडत होतीं आणि त्यांच्या गाण्याचें नवें चिंतन चाललें होतें. कारण निराळें, पण विश्रांतीचा काळ हा वायां गेलेला काळ नव्हे, हा धडा तोच.

या सर्व कथांत आवाज वांचला तो कोणत्याहि गुप्त मात्रेनें नव्हे. वेळीं थांबणें, पुन्हां पहिल्यापासून शिकण्याची लाज न बाळगणें, आणि आपल्या गळ्याची मर्यादा ओळखून तिच्यांतच सौंदर्य शोधणें, एवढीच ती सामग्री. पण थांबण्याची मुभा गायकास कोण देणार? ध्वनिवर्धक आल्यानें ओरडून गाण्याचें कारण उरलेलें नाहीं. मागणी मात्र कमी झालेली नाहीं. घसा बसलेला असतांना मुलास स्पर्धेस उभें करणारे आईबाप, आवाज फुटण्याच्या वयांत त्याच्याकडून तार सप्तकाचा हट्ट धरणारा शिक्षक, आणि थकलेल्या बुवांस भैरवीनंतरहि आणखी एक चीज मागणारे आपण, हे सारे त्या आमलेट्याच्या धन्याचेच वारस आहोंत. गवयानें आज नको म्हटलें तर त्यांत त्याचा उर्मटपणा पाहूं नये. तो आपल्याच उद्यांच्या मैफलीची तरतूद करीत असतो.