कॅप्टन निमोचा मुलुख

टोकियो स्टेशनवरून केइयो लाईन पकडली की पाव तासात उरायासु शहरातलं माइहामा येतं. समुद्रात भर घालून मिळवलेल्या इथल्या जमिनीवर सप्टेंबर २००१ मध्ये टोकियो डिस्नी-सी सुरू झालं. त्यात एक बनावट ज्वालामुखी आहे आणि त्याच्या कुशीत पाणबुडी उभी आहे. हे ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचं 'मिस्टेरियस आयलंड'. आपल्याकडचे पाहुणे इथे हौसेने फोटो काढतात. पण हा निमो म्हणजे आपल्या बुंदेलखंडचा, झाशीच्या मुलखातला राजपुत्र, हे सांगितलं की चकित होतात. मंडळी, यात त्यांचा दोष नाही.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' ही कादंबरी १८६९-७० मध्ये आली. व्हर्नच्या मनातला निमो आधी पोलिश होता, रशियाने त्याचं कुटुंब मारलेलं. पण रशियातला खप बुडेल म्हणून प्रकाशक हेत्झेल अडून बसला. मग निमोचा देश गुलदस्त्यातच राहिला. १८७४-७५ मध्ये 'मिस्टेरियस आयलंड' लिहिताना व्हर्नने पडदा उघडला. निमो म्हणजे राजपुत्र डक्कार. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला, बायको-मुलं गमावलेला. व्हर्नने त्याचं टिपू सुलतानाशी नातंही जोडून दिलं! इतिहास कच्चा, पण लेखक कुणाच्या बाजूचा आहे याबद्दल शंका नको.

गोची पुढे झाली. १८७५ मध्ये किंग्स्टनच्या नावाने इंग्रजी अनुवाद निघाला (काम मुख्यतः त्याच्या पत्नीचं होतं, असं आता मानतात). मूळ पुस्तकात इंग्रजांच्या जुलमावर कोरडे ओढले होते. अनुवादात काय, तर इंग्रजांनी अंदाधुंदी मोडून सुबत्ता आणली आणि स्वार्थी राजांनी रयतेला भडकवलं! वाचणाऱ्याला वाटणार, हे व्हर्नच म्हणतोय. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'च्या पहिल्या इंग्रजी अनुवादात तर सुमारे पाव पुस्तक गाळलं होतं, आणि आकडेमोडीच्या चुका होत्या त्या वेगळ्याच. चुका अनुवादकाच्या, पण 'पोरांचा लेखक' हा शिक्का बसला व्हर्नवर. पुस्तकं धडाधड खपली, पण इंग्रजी वाचकाला खरा व्हर्न भेटलाच नाही.

आपल्याला तरी कुठे भेटला? भा. रा. भागवतांनी व्हर्नची मराठी मुलांशी गट्टी जमवली हे त्यांचे उपकार. पण इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या कित्येकांच्या हाती किंग्स्टनचीच प्रत पडली. म्हणजे सत्तावनची गोष्ट, नायक आपला, आणि वाचायची मात्र इंग्रज सरकारच्या बाजूने.

अशी कात्री घरच्या पुस्तकालाही लागली होती. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, तो फेरफार करूनच. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये वाचायला मिळाला.

व्हर्नला याहून जास्त वाट पाहावी लागली. सिडनी क्रॅविट्झचा मुळाबरहुकूम इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये आला, नेमका डिस्नी-सीच्याच वर्षी. पण किंग्स्टनचा अनुवाद फुकट मिळतो, म्हणून अजून तोच फिरतो. तेव्हा मुलांच्या हाती पुस्तक देण्याआधी एक साधी तपासणी करा. बेटावरच्या इंजिनियरचं मूळ नाव सायरस स्मिथ. तुमच्या प्रतीत तो सायरस हार्डिंग असेल, तर ती प्रत ठेवा बाजूला आणि दुसरी शोधा.