मोटारीच्या क्लचची कुळकथा



मोटारीचा इतिहास सांगतांना इंजिनाचे गोडवे गाण्याची प्रथा आहे, आणि ती अयोग्य आहे असें कोण म्हणेल? परंतु इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें राहून दोघांनाहि सांभाळून घेणारा जो क्लच, त्याचें नांव बहुधा तो बिघडल्यावरच ऐकूं येतें. या उपेक्षित अवयवाची कुळकथा सांगण्याचें मी आज योजिलें आहे.

प्रथम प्रश्न असा कीं, मोटारीला क्लच लागतोच कशाला? बैलगाडीला तो लागत नाहीं. बैल उभ्या जागेवरून गाडी ओढूं शकतो. वाफेच्या इंजिनालाहि तो लागत नाहीं; बॉयलरमध्यें कोंडलेली वाफ स्तब्ध दट्ट्यालाहि जोरानें रेटूं शकते. पेट्रोलच्या इंजिनाची प्रकृति निराळी. मिनिटाला कांहीं शें फेरे घेऊं लागल्यावांचून त्याच्या अंगीं जोर येत नाहीं, आणि एकदम अडविलें तर तें बंद पडतें. अशा धांवत्या इंजिनाची उभ्या चाकांशीं गांठ घालावयाची, आणि तीहि धक्का न बसूं देतां, हा मोटार निर्माण करणारांपुढील मोठा पेंच होता.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं जर्मनींत आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. त्यानें योजिलेली तोड कारखान्यांतील होती. पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना ती सहज समजेल. तेथें दोन पुल्या शेजारींशेजारीं असतात. एक दांड्याला पक्की बसविलेली, दुसरी नुसती मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर असेपर्यंत जातें स्वस्थ असतें. तो पक्क्या पुलीवर सरकविला कीं जातें फिरूं लागतें. बेंझनें हीच युक्ति गाडीवर चढविली. परंतु पट्टा ताणला जातो, घसरतो, आणि इंजिनाची शक्ति वाढली म्हणजे अपुरा पडतो.

म्हणून पुढें चामड्याच्या शंकूचा जमाना आला. इंजिनाच्या जड चक्राला एक पोकळ शंकु असे, व त्यांत चामडें मढविलेला दुसरा शंकु स्प्रिंगच्या दाबानें रुतून बसे. चामडें वाळून कडक झालें कीं गाडी हिसका देऊन उडी घेई; त्यावर एरंडेल तेल चोळीत. तेलकट झालें कीं क्लच घसरे. त्यावर मुलतानी माती भुरभुरीत. एकाच दुखण्याईताला एरंडेल आणि मुलतानी माती आलटून पालटून देणारे ते मोटारवाले वैद्यहि झाले होते, म्हणाना!

विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत प्रोफेसर हेले-शॉ यांनीं तेलांत फिरणाऱ्या अनेक पातळ धातूच्या तबकड्यांचा क्लच काढला. फ्रान्समध्यें द दिआँ-बूताँ या कारखान्यानें एकाच तबकडीचा मार्ग चोखाळला, आणि शेवटीं कोरडी एकच तबकडी हीच पद्धति सर्वत्र रूढ झाली. तिची रचना सोपी आहे. इंजिनाचें जड चक्र आणि एक दाबपट्टी यांच्या मधोमध, दोन्ही अंगांस लायनिंग लाविलेली तबकडी असते. पाय पेडलवर दाबला कीं दाबपट्टी मागें सरते व तबकडी मोकळी होते; पाय सोडला कीं स्प्रिंग तिला पुन्हा चक्राशीं चेपते. मधल्या क्षणांत तबकडी थोडी घसरते. हें घसरणें म्हणजे दोष नव्हे. तेंच क्लचचें कार्य आहे. तें संपावयास हवें तेव्हां संपत नाहीं, तेव्हां मात्र तो रोग होय.

त्या रोगाचीं लक्षणें गृहस्थानें ओळखावीं. घाटांत इंजिन गर्जूं लागतें, गाडी मात्र वेग घेत नाहीं, आणि जळका वास येतो. याचा अर्थ क्लच घसरत आहे. लायनिंग झिजलें असेल, त्यावर तेल गळलें असेल, किंवा स्प्रिंग थकली असेल. याउलट पेडल पूर्ण दाबूनहि गिअर टाकतांना दांते करकरतात, तेव्हां क्लच पुरता सुटत नाहीं असें जाणावें. पेडल दाबतांच घरघर ऐकूं आली, तर बहुधा दाब सोडविणारें बेअरिंग झिजलेलें असतें. आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे चालकाची संवय: ज्याचा पाय सदैव पेडलवर विसावतो, त्याचा क्लच अल्पायुषी ठरतो.

परंतु झिजलेलें लायनिंग जातें कोठें? त्याची धूळ होते. येथें या इतिहासाचें काळें पान उघडतें. हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ सालीं इंग्लंडांत घर्षणाच्या वस्तूंचा धंदा उभारला. त्याच्या नांवांतील अक्षरें फिरवून व एक भर घालून 'फेरोडो' हें नांव झालें. उष्णतेनें न जळणारा अ‍ॅस्बेस्टॉस पुढें ब्रेक आणि क्लच दोहोंच्याहि लायनिंगांत शिरला, आणि एरंडेल व मुलतानी माती दोन्ही सुटलीं. पण १९२४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें डॉ. कुक यांनीं अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील एका कामगार स्त्रीच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. तिचीं फुप्फुसें या धुळीनें निकामी झालीं होतीं. ब्रिटनमध्यें १९३१ सालीं कारखान्यांसाठीं निर्बंध ठरविले गेले. पूर्ण बंदी यावयास १९९९ साल उजाडावें लागलें. मध्यें पाऊणशें वर्षें गेलीं! तेवढ्या काळांत किती मिस्त्र्यांनीं क्लच उघडून आंतील धूळ निःशंकपणें फुंकून उडविली असेल, याची कल्पनाच करावी.

आज चांगल्या लायनिंगांत कांचेचे व इतर कृत्रिम तंतु वापरतात. तरीहि जुन्या मोटारीचा क्लच उघडावयाचा असेल, तर तेथें लहान मुलांना उभें करूं नये, आणि मिस्त्र्याला धूळ हवेनें उडवूं न देतां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावयास सांगावें. त्याच्याहि घरीं त्याची वाट पाहणारीं माणसें असतात.

आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसूं लागल्या आहेत. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच जोर लावते, म्हणून तिला असा मध्यस्थ लागत नाहीं. क्लच कदाचित् उद्यां वस्तुसंग्रहालयांत जाईल. तोंवर ज्यांच्या गाडींत तो आहे, त्यांनीं गिअर बदलला कीं पाय पेडलवरून काढावा, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.