मोडनिंबपासून समुद्र किती लांब?

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे–सोलापूर रस्त्यावरचे गाव. कोकणचा किनारा येथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून दूर आहे. मग इथल्या शेतकऱ्याचा समुद्राशी संबंध काय? उत्तर आपण इतिहासात शोधू.

1876 मध्ये दख्खनवर पावसाने दगा दिला. 1877 मध्ये तर देशभरच मोसमी पाऊस तुटपुंजा झाला. 1872 साली सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर होती. 1881 मध्ये ती सहा लाखांच्या आत आली. कित्येक माणसे दगावली, कित्येक परागंदा झाली. 1877 मध्येच पेरू देशाच्या किनाऱ्यालगत प्रशांत महासागर असाधारण तापला होता. या दोन घटनांमधला धागा मात्र तेव्हा उमगला नव्हता.

1904 मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशींच्या नोंदी पडताळल्या. हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला की प्रशांत महासागरावर तो घटतो, असा झोका त्यांना आढळला. या झोक्याची समुद्राच्या तापमानाशी सांगड 1969 मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी घातली. पेरूचे कोळी ज्याला 'एल निनो' म्हणत, तो हाच खेळ.

पुढे 1972 उजाडले. पेरूच्या किनाऱ्याशी खालचे थंड, पोषक पाणी वर येईनासे झाले. बेसुमार मासेमारीने आधीच घटलेली अँकोव्ही मासळी दिसेनाशी झाली आणि कोळ्यांची जाळी रिकामी राहिली. त्याच वर्षी सोलापूरचा शेतकरी नांगर ठेवून दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

आता अरबी समुद्रही तापतो आहे. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी केली. एकेका घटनेचे खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. पण ऊबदार समुद्रावरून बाष्प अधिक उठते, हे पक्के. पोफळ पुन्हा फळाला यायला अनेक वर्षे लागतात आणि वाहून गेलेली माती एका हंगामात भरून येत नाही. नुकसानीची मोजणी मात्र आपण एका हंगामापुरतीच करतो.

विद्यार्थ्यांना गावातील वृद्धांकडून बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी टिपायला सांगावे आणि शाळेत पर्जन्यमापक लावावा. वॉकर यांचे कामही अशाच रोजच्या नोंदींवर उभे राहिले होते.