पडद्याआधीचे दुखणे

संगणकाच्या पडद्याने जडणाऱ्या दुखण्यांचा इतिहास धुंडाळताना मला थेट अठराव्या शतकापर्यंत मागे जावे लागले. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथाच्या १७१३च्या आवृत्तीत कारकुनांच्या व्याधींची तीन कारणे सांगितली : सततची बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण.

१९८०च्या सुमारास कचेऱ्यांत पडदे आले, तेव्हा भीती मात्र निराळीच पसरली. पडद्याच्या किरणांनी गर्भपात होतो, असे बोलले जाऊ लागले. अमेरिकेतील टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पडद्यामुळे हा धोका वाढल्याचे आढळले नाही. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांचे हात दुखू लागले होते. ते दुखणे शरीराचे की मनाचे, यावर डॉक्टरांतच वाद पेटला. १९९३ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांनी मोजून दाखवले, की एरवी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवणारी पापणी पडद्यापुढे सातच वेळा लवते. डोळे कोरडे पडतात ते त्यामुळे.

किरणांची भीती निराधार ठरली, म्हणून दुखणेही काल्पनिक, असे म्हणणे मालकांच्या सोयीचे असते. मला वाटते, खरा दोष उपकरणाहून अधिक कामाच्या रीतीत आहे. रामाझ्झिनींची तिन्ही कारणे आज तशीच आहेत. पडद्याने त्यांत न लवणाऱ्या पापणीची भर घातली, इतकेच.