शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागचा बॉम्ब

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की युद्धातल्या साध्या माणसांवर काहीतरी कर. करतो. पण आधी एक सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या करारावर सही केली होती. आई अजून विचारते, "तू नक्की करतोस काय रे?" मी म्हणतो, "कम्प्युटरवर काम." विषय संपतो. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांना हेच आपल्या बायकोला चार वर्षं सांगावं लागलं. फरक एवढाच, की त्यांच्या कामात मरण जवळपास ठरलेलं होतं.

जून १९४०. डंकर्कहून तीन लाखांहून जास्त सैनिक परत आले, पण तोफा, रणगाडे, ट्रक तिकडेच राहिले. जर्मन सैन्य खाडीच्या पलीकडे येऊन थांबलेलं. उद्या ते किनाऱ्यावर उतरले तर? ब्रिटिशांनी कर्नल कॉलिन गबिन्स या अधिकाऱ्याला एक काम दिलं: शत्रू देशात घुसल्यावर त्याच्या पाठीमागे राहून त्याला छळणारी माणसं आत्ताच तयार ठेवायची. नाव मुद्दाम कंटाळवाणं ठेवलं, ऑक्झिलरी युनिट्स. म्हणजे 'सहायक तुकड्या'. ऐकून कोणाला वाटावं की चहाबिहा देत असतील.

माणसं कोण? शेतकरी, शिकारखान्याचे राखणदार आणि चक्क चोरून शिकार करणारेसुद्धा. साहजिकच आहे, अंधारात आवाज न करता रान तुडवणं ह्यांच्याइतकं कोणाला येणार? चार ते आठ जणांची एक टोळी. इंजिनिअर पलटणीनं जंगलात जमिनीखाली त्यांच्यासाठी खोली खणून द्यायची: पन्हाळी पत्र्याचं छत, वर झाडपाल्यानं झाकलेलं दार, मागून निसटायला बोगदा. आत झोपायच्या फळ्या, अन्न, पाणी आणि भरपूर स्फोटकं. साधारण दोन आठवड्यांचा साठा, कारण त्याहून जास्त दिवस हे जगतील असं कोणाला वाटतच नव्हतं.

प्रशिक्षण कोलशिल नावाच्या एका जुन्या वाड्यात. पण थेट तिथे जायचं नाही. आधी हायवर्थ गावच्या पोस्टात जायचं. तिथे पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स. ती तुमची ओळख तपासणार, आत जाऊन फोन करणार, मग गाडी येणार. मला ही बाई फार आवडते. अख्ख्या गुप्त सैन्याचं लॉगिन पेज म्हणजे तिकिटं विकणारी एक काकू! बॉम्ब बनवायची माहिती पुस्तिकाही अशीच, वर शेतकऱ्याच्या डायरीचं मुखपृष्ठ आणि एका खोट्या खत कंपनीची जाहिरात.

आता यातली डिझाइन बघा. एका टोळीला दुसरी टोळी माहीत नाही. टोळीकडे रेडिओ नाही. चर्चची घंटा वाजली, शत्रू आला, की घरी काही न सांगता भुयारात जायचं आणि पुढचे हुकूम यायची वाटच बघायची नाही. रात्री बाहेर पडायचं, पेट्रोलचे साठे, रेल्वेरूळ, वाहनं उडवायची. एक नोड पकडला गेला तरी बाकीचे सुरक्षित. ह्याच्या जोडीला वेगळी शाखा होती, तिचं नाव स्पेशल ड्यूटीज. त्यात साधे नागरिक, बायकासुद्धा. त्यांनी शत्रूच्या हालचाली टिपायच्या, चिठ्ठी कापलेल्या टेनिस बॉलमध्ये घालून ठरलेल्या जागी टाकायची, आणि दुसऱ्या कोणीतरी ती लपवलेल्या वायरलेसवरून पुढे पाठवायची. ही माहिती लष्कराच्या मुख्यालयाकडे जायची, टोळ्यांकडे नाही. दोन्ही सिस्टिम मुद्दाम जोडल्याच नव्हत्या.

बाहेरून मात्र हे धडधाकट तरुण युद्धावर न जाता गावात मोकळे फिरताना दिसायचे. काहींना पांढरं पीस मिळालं, म्हणजे 'तू भित्रा आहेस' असं तोंडावर सांगणं. उत्तर द्यायची सोय नाही. खिशात सहीचा कागद.

इथे मला एक गोष्ट खटकते, ती बोलतोच. जे सरकार आपल्या शेतकऱ्यांना रूळ कसे उडवायचे ते शिकवत होतं, तेच १९४२ मध्ये आपल्याकडे रूळ उखडणाऱ्यांना तुरुंगात टाकत होतं. त्या गावकऱ्यांचा यात काही दोष नाही. पण साताऱ्याच्या शेतकऱ्याला हे ऐकवलं असतं तर तो काय म्हणाला असता?

जर्मन आले नाहीत. नोव्हेंबर १९४४ मध्ये ही माणसं मोकळी झाली. टोळ्यांमध्ये सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. पत्रात कळवलं, की कामच गुप्त असल्यामुळे जाहीर कौतुक करता येणार नाही. हाती आला लाल-निळा छोटासा बिल्ला, कोटाला लावायचा. त्यावर फक्त आकडे. ज्याला माहीत आहे त्यालाच कळणार.

१९६८ मध्ये डेव्हिड लँपचं पुस्तक आलं, तेव्हा बाहेरच्या जगाला हे पहिल्यांदा नीट समजलं. तरी बरेच जण गप्पच राहिले. लंडनच्या युद्धस्मारकासमोरच्या संचलनात त्यांना पहिल्यांदा चालता आलं ते २०१३ साली. तोवर थोडेच उरले होते. बाकी कितीतरी घरांत, आजोबा गेल्यावर कपाट आवरताना, कोणाच्या तरी हाताला तो बिल्ला लागला असेल, आणि हे कशाचं बटण म्हणून तो बाजूला ठेवला असेल.