कोरीव अक्षरांची कसोटी

रायगड जिल्ह्यांत रोह्याला लागून वरसे हें गांव आहे. तेथील एखाद्या कारागिरानें लेसर किरणानें अक्षरें कोरणारें यंत्र घेतलें आणि नेहमींच्या सागाच्या फळीऐवजीं प्रथमच पितळेचा पत्रा त्याखालीं ठेविला, तर त्याच्यापुढें उभा राहणारा प्रश्न नवा नव्हे. हें द्रव्य अक्षर धरील काय, धरलें तर किती खोल, आणि चूक झाल्यास ती सुधारतां येईल काय, हे प्रश्न याच मुलखांत सुमारें दोन हजार वर्षें विचारले जात आहेत. हत्यारें बदललीं, प्रश्न तेच राहिले.

रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडच्या खाडीजवळ, कुडें येथील लेणीं आहेत. त्यांतील ब्राह्मी लिपींतील लेखांत दान देणाऱ्यांचीं नांवें आढळतात. त्यांत एक माळी आहे, तसाच कऱ्हाडचा लोखंडाचा एक व्यापारीहि आहे. लोखंडी छिनीवांचून हें काम झालेंच नसतें, हें ध्यानीं घेतां या दात्याचें नांव तेथें असणें शोभूनहि दिसतें. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्याचा एक थर घट्ट, तर दुसरा बुडबुड्यांनीं पोखरलेला. घट्ट थरांत रेघ स्वच्छ उठते. पोकळ थरांत कपची उडते आणि अक्षराचा कानाच निघून जातो. दगडावर खाडाखोड चालत नाहीं. म्हणून जाणता पाथरवट दगड आधीं ठोकून पाहतो, त्याचा आवाज ऐकतो, आणि मगच त्यावर रेघ आंखतो. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. जुन्या मराठीच्या अभ्यासांत त्याचें स्थान मोठें आहे. त्याहि लेखामागें दगडाची अशी पारख असलीच पाहिजे.

पाषाणानंतर तांब्याकडे पाहावें. शिलाहार राजांनीं कोंकणांतील आपलीं दानपत्रें ताम्रपटांवर कोरवून दिलीं. दगड फुटतो, तर तांबें मऊ असल्यानें दबतें व सरकतें. पाथरवटाचा घाव येथें उपयोगी पडत नाहीं. हात हलका ठेवावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत या तांब्यावर आणखी एक नवें काम आलें. पेशव्यांच्या दरबारांतील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांच्या साहाय्यानें नाना फडणिसांनीं एका तांबटाकडून पत्र्यावर नागरी अक्षरें कोरविण्याचा उपक्रम सुरू केला. भगवद्गीता छापून निघावी, हा त्यांतील हेतु. ताम्रपट नुसता वाचावयाचा असतो. छापण्याच्या पत्र्यावरील अक्षर मात्र उलटें कोरावें, तेव्हां तें कागदावर सुलटें उमटतें. पिढ्यान् पिढ्या भांडीं घडविणाऱ्या हातालाहि ही विद्या पुन्हां पहिल्यापासून शिकावी लागली. इतक्यांत १७९५ सालीं सवाई माधवराव वारले, दरबारांत गोंधळ माजला आणि १८०० सालीं नानांचेंहि निधन झालें. परंतु केलेली खटपट वाया गेली नाहीं. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनीं तें काम उचललें आणि १८०५ सालीं मिरजेस गीता छापून निघाली.

पुढें मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यांतील काम पाहून घरींच लांकडी यंत्र तयार केलें, शाईहि स्वतः करून पाहिली, आणि १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. शिळाछापांत दगड कोरावयाचा नसतो. तेलकट अक्षर शाई धरतें व ओला दगड ती दूर लोटतो. त्यासाठीं विशिष्ट जातीचा चुनखडीचा दगड लागतो. ज्या काळ्या पाषाणानें कुड्याचे लेख सांभाळले, तो या कामीं येत नाहीं. एका कामांतील उत्तम द्रव्य दुसऱ्या कामांत निरुपयोगी ठरतें, तें असें.

आतां प्रकाशाची छिनी. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं अमेरिकेंत चालवून दाखविला. चारच वर्षांनीं, १९६४ सालीं, तेथील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हे पटेल १९३८ सालीं बारामतीस जन्मले, आणि १९५८ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर झाले. लांकूड, चामडें, कांच यांवर अक्षरें कोरणाऱ्या पुष्कळ यंत्रांत आज हाच वायु असतो. त्याचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. लांकूड तो शोषून घेतें व जळतें. तांबें व पितळ तो जवळजवळ सगळा परत फेंकतात. म्हणजे तांबटाला वश झालेलें तांबें या किरणाला दाद देत नाहीं. त्यासाठीं सुमारें एक दशांश तरंगलांबीचा निराळा लेसर लागतो. वरशाच्या त्या कारागिराला पितळेचा पत्रा कोराच परत मिळाला, तर दोष त्याच्या हाताचा नव्हे.

म्हणून नव्या द्रव्याची कसोटी टाकाऊ तुकड्यावर घेतात. त्यावर पांच ओळी व पांच रकाने मिळून पंचवीस लहान चौकोन कोरतात. ओळीगणिक वेग बदलतो, रकान्यागणिक किरणाचा जोर. कोठें नुसता डाग, कोठें कोळसा, आणि मध्येंच कोठें तरी स्वच्छ रेघ उमटते. मात्र तोच आंकडा दुसऱ्याच्या यंत्रावर लागू पडत नाहीं. नळी जुनी होते, भिंग मळतें, आणि एकाच फळींतील मऊ व कठीण रेषाहि सारख्या जळत नाहींत. शिवाय या कसोटीच्या आधीं आणखी एक आहे, ती म्हणजे द्रव्य कोणतें हें ओळखण्याची. पी. व्ही. सी. नांवाचें प्लॅस्टिक किरणाखालीं ठेवल्यास हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायु सुटतो; तो यंत्र गंजवितो आणि माणसाच्या फुप्फुसांना इजा करतो. तेथें वांया जाणारी वस्तु नुसती फळी नसते.

कसबी माणूस नव्या द्रव्यापुढें पुन्हां विद्यार्थी होतो, यांत त्याची मानहानि नाहीं. तांबटानें तें केलें, गणपत कृष्णाजींनीं तें केलें. पंचवीस चौकोनांचा तो जळका तुकडा फेंकून न देतां, द्रव्याचें नांव व तारीख घालून जपून ठेवावा. पुढच्या कामाचा तोच पहिला धडा होय.