पाबळची कबर आणि पडद्यावरचे स्वप्न : मस्तानीच्या कथेचा शेवट कोणता?

१/ शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथे एका आवारात एक साधी दगडी कबर आहे. कोणी तिला समाधी म्हणते, कोणी मजार. ती मस्तानीची. पडद्यावर मस्तानी अनेकदा मरण पावली आहे आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकांत वाद झाला आहे : स्वप्न आणि भास दाखवून इतिहासाचा शेवट करावा का? या वादाची दुसरी बाजू पाबळला सापडते. 🧵

२/ ऐतिहासिक मालिकेची एक मूळ अडचण असते. निकाल सर्वांना आधीच ठाऊक असतो. बाजीराव कोणती लढाई जिंकणार, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तरीही प्रेक्षकाने उद्या परत यावे, म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवावे लागते. मग तलवार उगारली जाते, कोणी कोसळते, भाग संपतो. आणि दुसऱ्या दिवशी उलगडते की ते स्वप्न होते. स्वप्नामुळे न घडलेले दाखवताही येते आणि पुसूनही टाकता येते.

३/ ‘पूर्वीच्या इतिहासात असले काही नव्हते’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगी तुळजाभवानी रात्री दर्शन देते आणि यशाचे आश्वासन देते. महाराज तो दृष्टांत जवळच्या माणसांना सांगतात. मराठी इतिहासलेखनात स्वप्न पहिल्यापासून आहे.

४/ फरक आहे तो वापरात. बखरीतला दृष्टांत कृतीच्या आधी येतो, सर्वांसमोर सांगितला जातो आणि पुढच्या धाडसाला बळ देतो. वाचकाला कळते की ही श्रद्धेची गोष्ट आहे. पडद्यावरचे स्वप्न बहुधा कृतीच्या जागी येते. जिथे कागद थांबतात, तिथे ते सुरू होते; आणि ते कुठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

५/ मस्तानीच्या कथेत हे सर्वांत ठळकपणे घडले २०१५ मध्ये, संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात. ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या १९७२ च्या कादंबरीवर तो आधारलेला होता. शेवटी तापाने भ्रमिष्ट झालेला बाजीराव नर्मदेच्या पाण्यात उतरतो. त्याला शत्रूचे स्वार चालून येताना दिसतात आणि तो हवेत तलवार चालवतो. तिकडे साखळदंडातली मस्तानी त्याच क्षणी प्राण सोडते.

६/ पुढे २०१७ मध्ये ‘पेशवा बाजीराव’ आणि २०२१ मध्ये ‘काशीबाई बाजीराव बल्लाळ’ या हिंदी मालिका आल्या आणि हा विषय घराघरांत पोहोचला. वादातील दोन पक्ष मात्र तेच राहिले. एक म्हणतो, स्वप्नात भावनेचे सत्य असते. तारखा पुस्तकात वाचाव्यात. दुसरा म्हणतो, जे घडले नाही ते इतक्या सुंदर रीतीने दाखवले, की घडलेले कोणाला आठवतच नाही. निवाडा करण्याआधी १७३९-४० चा हिवाळा पाहणे आवश्यक आहे.

७/ १७३९ च्या अखेरीस चिमाजी आप्पा आणि नानासाहेब यांनी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले. ती तेथून निसटली आणि पाटसला बाजीरावापाशी पोहोचली. पाटस म्हणजे आजच्या दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. तिथून तिला परतावे लागले. जानेवारी १७४० मध्ये तिला पुन्हा कैद झाली. बाजीराव त्या वेळी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेत होता. फेब्रुवारीअखेर मुंगी पैठणला तह झाला आणि तो नर्मदेकडे वळला.

८/ २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडी येथे बाजीराव तापाने गेला. वय चाळिशीच्या आत. आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. रावेरखेडी आणि पुणे यांच्या मध्ये सातपुडा आहे, तापी आहे, गोदावरी आहे. बातमी जासूदांच्या पायांनी आणि सांडणीस्वारांनी येत असे. तिला दिवस लागत. ‘त्याच क्षणी’ हे शब्द छायाचित्रणाच्या व संकलनाच्या भाषेतले आहेत. १७४० च्या भूगोलात त्यांना जागा नाही.

९/ बाजीरावामागोमाग मस्तानीही गेली. कशी, याचे उत्तर समकालीन कागद देत नाहीत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. धक्क्याने की आत्महत्येने, हे सांगता येत नाही, असाच त्यांचाही निष्कर्ष होता. लोककथेने मात्र जागा रिकामी ठेवली नाही. कोणी म्हणते तिने अंगठीतला हिरा गिळला, कोणी म्हणते ती चितेत उडी घेऊन सती गेली.

१०/ यातली सतीची कथा पाबळपाशी येऊन अडते. बाजीरावाचे दहन नर्मदेकाठी झाले. तेथे आज त्याची छत्री आहे. मस्तानीची कबर त्याच्यापासून शेकडो किलोमीटरवर, भीमेच्या खोऱ्यात आहे. तिला पुरले गेले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे तिच्याच इनामाच्या गावात पुरले गेले. पाबळ, केंदूर आणि लोणी ही ती तीन गावे. कागद गप्प असताना जमिनीतला एक दगडही साक्ष देतो, त्याचे हे उदाहरण.

११/ आता मूळ मुद्दा. बाजीरावाचा मृत्यू आणि मस्तानीचा मृत्यू यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर आहे. त्या दिवसांत ती कोणाच्या पहाऱ्यात होती? बातमी तिला कोणी आणि कशी दिली? तिचा मुलगा कोठे होता? इतिहासाचे खरे प्रश्न या अंतरात आहेत. भासाच्या दृश्याने दोन्ही मृत्यू एका क्षणात आणले, की हे अंतर नाहीसे होते. कैद दाखवली जाते. पण शेवटच्या चौकटीत प्रेम उरते आणि कैद करणारे मागे सरतात. प्रेमाने मेलेल्या माणसाबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

१२/ तरीही पहिल्या पक्षाचे म्हणणे पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. दप्तर कोणी लिहिले? पेशव्यांच्या घरातल्या आणि दरबारातल्या माणसांनी. मस्तानी त्या कागदांत येते ती प्रामुख्याने इतरांच्या पत्रांत, घरातली एक अडचण म्हणून. केवळ कागदावर विसंबले, तर तिला कैदेत घालणाऱ्यांचीच भाषा ऐकू येते. कादंबरीकाराने तिला मन दिले, आवाज दिला, ही लहान गोष्ट नाही. आक्षेप कल्पनेवर नाही. कल्पनेने पुरावा झाकला जातो, त्यावर आहे.

१३/ याच शिरूर तालुक्यात अगदी उलट उदाहरण आहे. वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ च्या त्यांच्या हत्येविषयी फारसी तवारिखा सविस्तर बोलतात. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका २०२० मध्ये संपत आली, तेव्हा त्या छळातले किती दाखवावे, याची चर्चा झाली. वढूला पुरावा इतका, की दाखवताना हात थरथरावा. पाबळला इतका थोडा, की दाखवताना हात सैल सुटतो. दोन्ही ठिकाणी शेवट कुठे कापायचा, हा निर्णय दिग्दर्शकाचाच असतो.

१४/ आणि १७४० हा शेवट तरी आहे का? मस्तानीचा मुलगा कृष्णराव, म्हणजेच समशेरबहादूर, १७३४ चा. आई-वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तो पेशव्यांच्याच घरात वाढला, मराठी फौजांतून लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन डीग येथे मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची सत्ता उभारली. त्याच घराण्यातला दुसरा अलीबहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला.

१५/ म्हणजे जिला घराबाहेर ठेवण्यासाठी कैद झाली, तिचा मुलगा त्या घराच्या सर्वांत मोठ्या लढाईत कामी आला. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाजाला लोक मस्तानी दरवाजा म्हणतात, त्याला अलीबहादूर दरवाजा असेही नाव आहे. प्रियकराबरोबर प्राण सोडणारी नायिका दाखवून पडदा पडतो, तेव्हा ही सव्वाशे वर्षे कापली जातात. एका आईची कथा तेवढ्याने केवळ प्रेयसीची होते.

१६/ म्हणून पुढच्या वेळी मालिकेत स्वप्न किंवा भास दिसला, की तीन गोष्टी तपासाव्यात. या जागी कागद काय सांगतात? हे दृश्य नसते, तर कोणता प्रश्न विचारावा लागला असता? आणि हा भाग संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, खऱ्या कालक्रमात, काय घडले? उत्तरे मिळाल्यावरही दृश्य सुंदर वाटले, तर ते खुशाल पुन्हा पाहावे.

१७/ पुण्याहून पाबळला दिवसाभरात जाऊन येता येते. शक्य असल्यास त्याच फेरीत वढू बुद्रुकही पाहावे. मस्तानीच्या कबरीपाशी भव्य शिल्प नाही, संगमरवर नाही. जाण्यापूर्वी २८ एप्रिल १७४० ही तारीख आणि रावेरखेडीचे नकाशातले स्थान पाहून घ्यावे. कबरीपाशी उभे राहिल्यावर ते अंतर किती मोठे होते, हे चटकन लक्षात येते.

(थ्रेड समाप्त)